दोन निवडणुकांच्या मधली वर्षे

नागपूर आणि अमरावती या दोन शहरांना जोडणाऱ्या सडकेवर, दोहोंपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर, कारंजा (घाडगे) हे गाव आहे. आज ते तालुक्याचे ठिकाण आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वीची जी हकीकत येथे सांगावयाची आहे, त्या वेळी ते वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तहशिलीत मोडत असे, आणि तेथील ज्या मूठभर लोकांना मताचा हक्क लाभला होता त्यांचे कान एकाच वेळी दोन दिशांना लागलेले असत: पूर्वेस नागपूर, जेथे मध्यप्रांताचे कायदेमंडळ भरे आणि जेथे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे व बॅरिस्टर मोरेश्वर वासुदेव अभ्यंकर यांचा शब्द चाले. आणि पश्चिमेस, वर्धा नदीपलीकडे, अमरावती, जेथे दादासाहेब खापर्डे यांच्यापासून टिळकपक्षीय वकिलांची पिढीच्या पिढी उभी राहिली होती. नदीच्या अलीकडे मालगुजारी, पलीकडे रयतवारी. नदीच्या अलीकडचा प्रतिनिधी निवडून आला की सभासद होई. पलीकडच्या वऱ्हाडावर निजामाचे नाममात्र स्वामित्व असल्यामुळे तेथील प्रतिनिधी आधी मतदारांनी निवडावा आणि मग गव्हर्नराने त्याची रीतसर नेमणूक करावी, असा द्राविडी प्राणायाम कायद्याने करून ठेवला होता.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने मत दिले ते माणसास दिले असे म्हणण्यापेक्षा साऱ्यास व कराला दिले असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. मालगुजार, लंबरदार, ठरावीक रकमेपेक्षा अधिक खंड भरणारा कास्तकार, प्राप्तिकर देणारा सावकार किंवा अडत्या, फौजेतून पेन्शन घेऊन परतलेला शिपाई, अशांचीच नावे मतदारांच्या यादीत येत. ज्याच्या घामावर तो सारा उभा होता त्या मजुराचे नाव तीत शोधूनही सापडत नसे. मतदारवर्ग इतका लहान आणि इतका ओळखीचा असता त्याचे मन ओळखणे सोपे असावयास हवे होते. प्रत्यक्षात १९२३ आणि १९२६ या दोन निवडणुकांमध्ये या प्रांतातील राजकारण असे काही उलटेपालटे झाले की, फिरला तो मतदार की फिरले ते पुढारी, याचा निवाडा करणे आजही सोपे नाही.

या प्रश्नाची खरी लज्जत कळावयास हवी असेल तर त्याच वर्षांत खुद्द विलायतेत काय चालले होते ते पाहावे लागते. कारण आपल्याकडील कायदेमंडळे ही तेथील पार्लमेंटाच्या साच्यातून काढलेली, आणि आपल्याकडील पक्षही तेथील पक्षांकडे डोळे लावून बसलेले. १९२२ च्या ऑक्टोबरात लॉइड जॉर्ज यांचे संयुक्त मंत्रिमंडळ सत्तेवर होते, आणि त्याचा मोठा आधार हुजूर पक्ष हा होता. हे लग्न टिकवावे की मोडावे याचा खल करण्यासाठी हुजूर पक्षाचे सभासद १९ ऑक्टोबर रोजी कार्लटन क्लबात जमले. आणि नेमक्या त्याच पहाटे न्यूपोर्ट येथील पोटनिवडणुकीचा निकाल बाहेर पडला, तो असा की संयुक्त मंत्रिमंडळाचे जोखड झुगारून स्वतंत्रपणे उभा राहिलेला हुजूरपक्षीय उमेदवार तेथे विजयी झाला होता. सभासदांना जे म्हणावयाचे होते पण म्हणण्याचा धीर होत नव्हता ते एका गावच्या मतदारांनी म्हणून टाकले. क्लबातील मतमोजणीत संयुक्त सरकार मोडण्याच्या बाजूने सुमारे शंभर मते अधिक पडली, आणि युद्ध जिंकून देणारा मुख्य प्रधान त्याच दिवशी पायउतार झाला.

त्यानंतरच्या दोन वर्षांत इंग्लंडने तीन सार्वत्रिक निवडणुका पाहिल्या. १९२२ च्या नोव्हेंबरात हुजूर पक्षास स्पष्ट बहुमत मिळाले. वर्ष उलटते न उलटते तोच मुख्य प्रधान बाल्डविन यांनी संरक्षक जकातीच्या प्रश्नावर पुन्हा कौल मागितला आणि ६ डिसेंबर १९२३ रोजी ते बहुमत घालवून बसले. हुजूर पक्ष २५८, मजूर पक्ष १९१, आणि उदारमतवादी त्यांच्यामागे, असे त्रिशंकू पार्लमेंट अस्तित्वात आले. १९२४ च्या जानेवारीत रॅम्से मॅक्डोनल्ड हे मजूर पक्षाचे पहिले मुख्य प्रधान झाले.

याच सुमारास, म्हणजे १९२३ च्या नोव्हेंबरात, मध्यप्रांतातही मतदान झाले होते. देशबंधू दास आणि मोतीलाल नेहरू यांनी गया काँग्रेसनंतर स्वराज्य पक्ष काढला तो कायदेमंडळांत शिरून ती आतून बंद पाडण्यासाठी. आणि त्याला निवडणूक लढविण्याची मोकळीक काँग्रेसने दिली ती सप्टेंबरातील दिल्लीच्या खास अधिवेशनात, म्हणजे मतदानास अवघे दोन महिने उरले असता. वर्ध्यात या धोरणास मोठा विरोध होता. रायबहादूर हा किताब सरकारास परत करणारे जमनालाल बजाज हे कट्टर नाफेरवाले, म्हणजे असहकाराच्या कार्यक्रमात फेर नको म्हणणारे; विनोबांचा आश्रम वर्ध्यासच; कौन्सिलात जाणे म्हणजे असहकाराच्या व्रतास बट्टा लावणे, अशी तेथील भावना. परंतु त्याच उन्हाळ्यात नागपुरास झेंडा सत्याग्रह झाला होता. जमनालालजी त्यात तुरुंगात गेले, विनोबाही गेले, देशभरातून स्वयंसेवकांचे जथे नागपूर स्टेशनावर उतरले, आणि ऑगस्टात तो लढा मिटला तेव्हा सारा मराठी मध्यप्रांत तापलेला होता. त्या तापल्या तव्यावर भाकरी भाजून घेतली ती स्वराज्य पक्षाने. ज्यांनी सत्याग्रह केला ते निवडणुकीस उभे राहिले नाहीत, आणि जे उभे राहिले त्यांच्या पदरात सत्याग्रहाची पुण्याई पडली. दासांच्या बंगालातही जे साधले नाही ते मध्यप्रांतात साधले: हिंदुस्थानातील सर्व प्रांतांत येथेच तेवढे स्वराज्य पक्षास निर्भेळ बहुमत मिळाले.

बहुमत मिळाल्यावर त्याचे काय करावयाचे हे आधीच ठरलेले होते. १९२४ च्या जानेवारीत मंत्र्यांवर अविश्वासाचा ठराव मोठ्या मताधिक्याने संमत झाला. मंत्री तरीही खुर्चीस चिकटून राहिले. तेव्हा मार्चमध्ये अंदाजपत्रकातील मागण्या नामंजूर करण्यात आल्या आणि मंत्र्यांचे वेतन, ते अजिबात नाकारले तर तांत्रिक पेच पडू नये म्हणून की काय, सालिना २ रुपये एवढे ठरविण्यात आले. या दोन रुपयांत जी कोपरखळी आहे ती शंभर भाषणांत नव्हती. नागपूरच्या सभागृहातील हा प्रकार जेव्हा वर्तमानपत्रांतून खेडोपाडी पोहोचला, तेव्हा चावडीवर बसून शेतसाऱ्याची पावती पटवाऱ्याच्या हातून घेणाऱ्या कास्तकारासही हसू आवरले नसेल. कारण सरकार नावाच्या वस्तूची मजुरी ठरविण्याचा अधिकार आपल्याच माणसांच्या हाती आलेला त्याने पहिल्यानेच पाहिला. मंत्र्यांनी राजीनामे दिले. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य वगैरे सोपीव, म्हणजे मंत्र्यांकडे सोपविलेली, खाती आपल्याकडे घेतली, आणि मंत्री व गव्हर्नर यांच्यात खाती वाटून देणारी द्विदल राज्यपद्धती या प्रांतात मोडली ती मोडलीच.

येथवर मतदाराची आणि पुढाऱ्याची वाट एकच होती. पण विध्वंसाचे सुख अल्पायुषी असते, आणि खेड्यातील मतदारास त्याची किंमत शहरातील वकिलापेक्षा लवकर कळते. सोपीव खाती गव्हर्नरापाशी गेली म्हणजे शाळेची मंजुरी, दवाखान्याची मागणी, सडकेची दुरुस्ती यांसाठी ज्याच्याकडे गाऱ्हाणे न्यावयाचे असा आपला माणूसच उरला नाही. मजूर पक्षाचे सरकार काही देईल ही आशाही फोल ठरली. मोतीलालजींनी दिल्लीच्या विधिमंडळात गोलमेज परिषदेची मागणी १९२४ च्या फेब्रुवारीत मंजूर करून घेतली, परंतु उदारमतवाद्यांच्या पाठिंब्यावर तगणारे मॅक्डोनल्ड यांचे मंत्रिमंडळ चौकशी समितीपलीकडे जावयास धजले नाही.

ते सरकार नऊ महिनेच टिकले. ऑक्टोबर १९२४ च्या निवडणुकीत, मतदानाच्या चार दिवस आधी, रशियन पुढारी झिनोविएव्ह यांचे म्हणून एक पत्र ‘डेली मेल’ने छापले आणि एकच गदारोळ उडाला; ते पत्र बनावट होते असेच इतिहासकार आज बहुधा मानतात. हुजूर पक्ष चारशेच्या वर जागा घेऊन परत आला. मात्र येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. मजूर पक्षाच्या जागा १९१ वरून १५१ वर आल्या खऱ्या, पण त्याची मते मागच्या वर्षापेक्षा सुमारे दहा लाखांनी वाढली होती; कोसळला होता तो उदारमतवादी पक्ष, आणि त्याची मते जिकडे गेली तिकडे जागा गेल्या. त्याच निवडणुकीत लंडनच्या उत्तर बॅटर्सी मतदारसंघाने मुंबईत जन्मलेल्या शापुरजी सकलातवाला यांस निवडून दिले. त्यांना या मतदारांनी १९२२ मध्ये निवडले, १९२३ मध्ये पाडले, आणि १९२४ मध्ये, आता उघड उघड कम्युनिस्ट म्हणून उभे असताना, पुन्हा निवडले. ज्यांस मतदार चंचल वाटतो त्यांनी बॅटर्सीचे उदाहरण अवश्य सांगावे. पण त्या मतदारास दर खेपेस विचारले गेले होते, हेही सांगावे.

आमच्या प्रांतात नेमके तेच घडले नाही. दास १९२५ च्या जूनमध्ये दार्जिलिंगास वारले आणि पक्षावरील एक वचक नाहीसा झाला. त्याच वर्षी अमरावतीचे वकील श्रीपाद बळवंत तांबे हे स्वराज्य पक्षाचे सभासद असतानाच कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले होते; ऑक्टोबरात गव्हर्नराच्या कार्यकारी मंडळातील जागा, जी तोपर्यंत अमरावतीच्याच सर मोरोपंत जोशी यांजकडे होती, ती रिकामी होताच तांबे यांनी ती पत्करली. काल ज्यांच्या पक्षाने मंत्र्यांना सालिना दोन रुपयांवर आणले होते, ते आज सरकारच्या मांडीस मांडी लावून बसले. मोतीलाल नेहरूंनी कडक शब्दांत निषेध केला. तर पक्षातल्याच न. चिं. केळकर आणि जयकर यांनी उलट प्रश्न विचारला, की अध्यक्षाची जागा चालते आणि कार्यकारी मंडळाची चालत नाही, हा भेद कोणत्या शास्त्रातला? टिळकांनी अमृतसरास प्रतियोगी सहकारितेचा जो मार्ग सांगितला होता, मिळेल ते घ्यावे आणि उरल्यासाठी भांडावे, त्याचेच हे पालन, असा त्यांचा पक्ष होता; मुंजे आणि यवतमाळचे बापूजी अणे हेही त्यांच्याच बाजूस गेले. अभ्यंकर मात्र नेहरूंशी एकनिष्ठ राहिले.

तांबे यांस गद्दार म्हणावयाचे की टिळकांचा शिष्य, या वादात त्या काळी जेवढी शाई सांडली तेवढी दुसऱ्या कशावर क्वचितच सांडली असेल. मला स्वतःला त्या वादापेक्षा एका इंग्रजी रिवाजाची आठवण अधिक महत्त्वाची वाटते. ब्रिटनमध्ये दोनशेहून अधिक वर्षे असा नियम होता की, पार्लमेंटाच्या सभासदाने राजाच्या पदरी मंत्रिपद स्वीकारले की त्याची जागा रिकामी व्हावी आणि त्याने आपल्या मतदारांपुढे पुन्हा उभे राहावे. १९०८ मध्ये विन्स्टन चर्चिल यांस प्रथम मंत्रिमंडळात घेण्यात आले तेव्हा याच नियमापायी ते मँचेस्टरास पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पडले. मग डंडी येथून निवडून येणे त्यांना भाग पडले. हा नियम १९१९ मध्ये सैल झाला आणि १९२६ मध्ये पार्लमेंटाने तो रद्द केला. ज्या नियमाने अमरावतीच्या मतदारास, तुमचा वकील सरकारात गेला तो तुम्हांस पसंत आहे काय, असे विचारता आले असते, तो नियम इंग्रजांनी आम्हांस दिलेल्या घटनेत घातलाच नव्हता. भांडण झाले ते तांबे आणि मोतीलाल यांच्यात. ज्यांच्या मताच्या जोरावर तांबे नागपुरास गेले होते, त्यांना त्या भांडणात पक्षकार म्हणून कोणी बोलावले नाही.

१९२६ च्या फेब्रुवारीत अकोल्यास या प्रतियोगी सहकारितेच्या पुरस्कर्त्यांनी, म्हणजे प्रतिसहकारवाद्यांनी, आपला वेगळा पक्ष उभा केला. एप्रिलमध्ये साबरमतीस उभय पक्षांत तडजोड झाली, आणि शाई वाळण्यापूर्वीच तिच्या अर्थावरून मोडली. मग नोव्हेंबरची निवडणूक आली. तोवर प्रांतातील हवा पुष्कळच बदलली होती. नागपुरात मशिदींवरून जाणाऱ्या मिरवणुकांतील वाद्यांवरून १९२३ पासून तंटे माजले होते, मुंजे हिंदुसभेचे बलवान पुढारी झाले होते, आणि स्वराज्य पक्षाच्या अडवणुकीपेक्षा हे प्रश्न नागपूरच्या मध्यमवर्गास अधिक जवळचे वाटू लागले होते. वऱ्हाडात आणि वर्ध्याच्या पट्ट्यात ब्राह्मणेतर चळवळ मूळ धरीत होती, आणि तिच्या दृष्टीने नागपूर-अमरावतीच्या वकिलांचे दोन्ही पक्ष एकाच माळेचे मणी होते. आणि तिसरी गोष्ट कापसाची. त्या साली अमेरिकेत कापसाचे उदंड पीक आले आणि जगभर भाव कोसळले. मतदानाचा महिना हाच आमच्याकडे पहिल्या वेचणीचा कापूस बाजारात येण्याचा. कारंज्याच्या आसपासच्या गावांतून आर्वीच्या बाजाराकडे बंड्या निघण्याचे, तेथून छोट्या रुळांच्या गाडीने पुलगावास आणि पुढे मुंबईस गाठी रवाना होण्याचे दिवस. अडत्याच्या ओट्यावर भाव ऐकून ज्याचा चेहरा उतरला आहे, त्याला कौन्सिल आतून मोडण्याचे तत्त्वज्ञान ऐकविणे हे कठीण काम होते. या तीन कारणांपैकी कोणते किती वजनाचे हे तोलण्यासाठी तराजू नाही. माझा कल कापसाकडे आहे.

निकाल लागला तो काँग्रेसच्या नावाने उभ्या राहिलेल्या स्वराज्यवाद्यांचे बहुमत गेल्याचा. मुंजे दिल्लीच्या विधिमंडळात गेले. १९२७ च्या आरंभी बिलासपूरचे ई. राघवेंद्र राव आणि अमरावतीचे रामराव देशमुख मंत्री झाले, आणि अडीच-तीन वर्षे बंद पडलेली द्विदल राज्यपद्धती पुन्हा चालू झाली. सरकारी अहवालांनी याला लोकमत ताळ्यावर आल्याचे चिन्ह मानले असल्यास नवल नाही. परंतु १९२३ च्या मतदारापुढे एका बाजूस झेंडा सत्याग्रहाची पुण्याई सांगणारे आणि दुसऱ्या बाजूस सरकारपक्षीय असे दोनच पर्याय होते. १९२६ मध्ये त्याच्यापुढे मुंजे आणि अभ्यंकर असे दोन्हीकडे जुनेच ओळखीचे चेहरे होते, दोघेही टिळकांचे नाव घेणारे. पुढाऱ्यांनी आधी आपली दुफळी करून घेतली आणि मतदाराने ती फक्त मोजून दिली.

तांबे यांची नेमणूक झाली त्याच वर्षी नागपूरच्या गव्हर्नरपदी आलेले सर माँटेग्यू बटलर हे १९३३ पर्यंत तेथे होते. त्यांचे चिरंजीव रॅब बटलर १९२९ मध्ये सॅफ्रन वॉल्डनमधून पार्लमेंटात गेले, आणि इंडिया ऑफिसातील दुय्यम मंत्री या नात्याने १९३५ चा हिंदुस्थानचा कायदा पार पाडण्याच्या कामी पुढे होते. पुढे १९५७ मध्ये आणि पुन्हा १९६३ मध्ये ते मुख्य प्रधान होणार असे जो तो धरून चालला होता. दोन्ही वेळा हुजूर पक्षातील वडीलधाऱ्यांनी आपसांत विचारविनिमय करून दुसऱ्याचे नाव राणीस कळविले. दोन्ही खेपा दोन निवडणुकांच्या मधल्याच. बापाने नागपुरास मतदाराला न विचारता एकाला सत्तेत घेतले. मुलाला लंडनात मतदाराला न विचारता सत्तेबाहेर ठेवण्यात आले.

१९३० साली मिठाच्या आणि जंगलच्या सत्याग्रहाने हे सारे गणित पुन्हा उधळले. काल प्रतिसहकारवादी असलेले बापूजी अणे पुसदच्या रानात गवत कापून तुरुंगात गेले. मुंजे लंडनच्या गोलमेज परिषदेस गेले. काँग्रेसने कौन्सिलांकडे पाठ फिरविली, आणि रिकाम्या पडलेल्या त्या मैदानात शेतकरीवर्गाचे तरुण पुढारी पंजाबराव देशमुख मंत्री झाले. १९३५ च्या कायद्याने मतदारांची यादी बरीच लांबली, आणि १९३७ च्या आरंभी झालेल्या निवडणुकीत ११२ जागांच्या प्रांतिक विधानसभेत काँग्रेसने ७० जिंकल्या. डॉ. नारायण भास्कर खरे मुख्य प्रधान झाले.

पुढच्याच वर्षी, जुलै १९३८ मध्ये, खरे यांनी प्रांताच्या हिंदी भागातील, महाकोशलातील, सहकारी मंत्र्यांशी पटत नाही म्हणून राजीनामा दिला, गव्हर्नराकडून नवे मंत्रिमंडळ बनवून घेतले, आणि काँग्रेसच्या श्रेष्ठींपुढे जाब देण्यास त्यांना वर्ध्यास जावे लागले. काही दिवसांतच वर्ध्यास जमलेल्या काँग्रेस आमदारांनी रविशंकर शुक्ल यांस नेता निवडले. खरे यांच्या वागणुकीत दोष होता, याविषयी फारसा वाद होऊ नये. परंतु प्रांताचा मुख्य प्रधान बदलला तो नागपूरच्या सभागृहातील मतदानाने नव्हे, आणि मतदारांच्या कौलाने तर नव्हेच नव्हे. मराठी मध्यप्रांतात त्याची रुखरुख पुष्कळ वर्षे राहिली. खरे पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, हिंदुमहासभेत गेले, आणि १९५२ मध्ये ग्वाल्हेरहून लोकसभेत निवडून आले.

प्रौढ मताधिकार आल्यावर मजुराचे नाव यादीत आले, आणि वर्धा लोकसभा मतदारसंघ दीर्घकाळ काँग्रेसशी बांधलेला राहिला. १९७७ मध्ये रायबरेलीत इंदिरा गांधी स्वतः पडल्या तेव्हाही येथून काँग्रेसचे संतोषराव गोडे निवडून आले. उलट १९९१ मध्ये महाराष्ट्रात काँग्रेसने ४८ पैकी ३८ जागा जिंकल्या असताना वर्ध्याने तीनदा निवडून आलेल्या वसंत साठे यांस पाडून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे यांस दिल्लीस धाडले. ज्या आर्वी विधानसभा मतदारसंघात कारंजा येते, त्याने तर २००४ पासून काँग्रेसचे अमर काळे आणि भाजपचे दादाराव केचे यांस पाळीपाळीने निवडण्याचा जणू नेमच धरला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत काळे काँग्रेस सोडून शरद पवारांच्या राष्ट्रवादीच्या चिन्हावर उभे राहिले आणि भाजपच्या रामदास तडस यांस पाडून खासदार झाले. तो निकाल ४ जूनचा. २३ नोव्हेंबरास विधानसभेचा निकाल लागला, तेव्हा त्यांच्या पत्नी मयुरा काळे याच पक्षाच्या उमेदवार होत्या; आर्वीने भाजपचे सुमित वानखेडे निवडून दिले. मधे सहा महिनेही गेले नव्हते, आणि या खेपेस मतदाराला दोन्ही वेळा विचारण्यात आले होते.